एकटीचा प्रवास आणि आपले प्रवासवर्णन

मराठी लोकवाङ्मयात बाईच्या प्रवासाला एकच मुख्य रस्ता आहे आणि त्याला दोन टोके आहेत. एका टोकाला सासर, दुसऱ्याला माहेर. जात्यावरच्या ओव्यांमधली वाट, घाट, नदी, मुऱ्हाळी आलेला भाऊ, या साऱ्यांचा अर्थ या दोन टोकांमुळेच लागतो. तिसरी वाट पंढरीची. ती देवाच्या नावाने मोकळी झालेली असल्यामुळे तिच्यावर चालणाऱ्या बाईला सहसा कोणी जाब विचारत नाही. या तीन वाटांपलीकडे बाई निघाली की आपली भाषा अडखळते. ती कोणाकडे निघाली, कोणाबरोबर निघाली आणि परत केव्हा येणार, हे प्रश्न तिच्या सामानाच्याही आधी तिच्याबरोबर निघतात.

घटस्फोटाने या नकाशाची दोन्ही टोके एकदम पुसली जातात. सासर उरत नाही हे उघडच आहे. माहेर मात्र उरते असा आपला समज असतो, तो तपासून पाहण्यासारखा आहे. ‘माहेरवाशीण’ या शब्दातच परत जाण्याची तारीख गृहीत धरलेली आहे. चार दिवसांसाठी आलेली लेक माहेरवाशीण असते. कायमची आलेल्या लेकीसाठी तो शब्द आपण वापरत नाही. गिरगावातल्या दीड खोलीच्या बिऱ्हाडात, जिथे आता भाऊ, भावजय आणि त्यांची मुले राहतात, तिथे तिच्या गादीची जागा रात्री अंथरावी आणि सकाळी गुंडाळावी लागते. तिने मग लॅपटॉप उचलून निघावे, कधी दापोलीच्या बाजूला एक खोली घ्यावी, कधी पणजीला, कधी धारवाडला, आणि मुंबईतल्या कचेरीचे काम तिथूनच करावे, यात स्वच्छंदीपणा किती आणि जागेचा हिशेब किती, हे ठरवण्याची घाई करू नये.

असा प्रवास करणाऱ्या बायका आता आपल्या ओळखीत आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीने कचेऱ्यांचे काम घरांत आणले आणि पुढे काही व्यवसायांत ते घराबाहेर, गावाबाहेरही नेता येऊ लागले. परळ आणि लोअर परळच्या गिरणीजागांवर जे काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांतली काही कामे आज मनोऱ्याबाहेर होतात. या बायकांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झालेल्या दिसतात. एक म्हणते, ही पळाली. दुसरी म्हणते, ही स्वतःचा शोध घ्यायला निघाली. दुसरी रीत पहिलीपेक्षा सभ्य आहे, परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे: ती बाई रोज आठ-नऊ तास काम करते, हे दोघींनाही दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे न दिसणे आहे, आणि त्यात आपल्या वाङ्मयव्यवहाराचाही वाटा आहे असे माझे म्हणणे आहे.

‘स्वतःचा शोध’ या कथानकाला जगभर लोकप्रियता मिळाली ती एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या २००६ सालच्या ‘ईट प्रे लव्ह’ या पुस्तकामुळे. घटस्फोट, त्यानंतर इटली, भारत आणि इंडोनेशिया, आणि शेवटी नवे प्रेम, असा त्याचा आलेख. वाचक आणि चित्रपट दोघांनीही तो आलेख उचलला. मात्र प्रकाशकाने आगाऊ दिलेल्या मानधनावर तो प्रवास झाला होता, म्हणजे ती लेखिका सबंध वर्षभर कामावर होती, हे पुस्तकातच सांगितलेले असूनही कोणाच्या लक्षात राहत नाही. दुःखी बाई फिरते आणि बरी होते, एवढेच लक्षात राहते. प्रवास हे औषध ठरले की प्रवासी आपोआप रुग्ण ठरते.

आता आपल्याकडे पाहू. या विषयाची आपली मूळ घटना अमेरिकेत घडलेली नाही. ती मुंबईच्या उच्च न्यायालयात घडली. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही, प्रकरण पुन्हा सुनावणीला आले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात होते. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न रद्द केले अशी कथा अजूनही सांगितली जाते. अभ्यासकांनी पुढे आणलेला शेवट याहून रुक्ष आहे: जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. घटस्फोट झाला नाही. हिंदू कायद्यात त्यांच्यासाठी तो नव्हताच.

दुसऱ्या वर्षी, १८८९ मध्ये, रखमाबाई इंग्लंडला गेल्या. कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांचे त्यांना पाठबळ होते. लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या, १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून परतल्या आणि पुढची तीन दशकांहून अधिक वर्षे मुख्यतः सुरत आणि राजकोट येथे त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. मुंबई, लंडन, सुरत, राजकोट आणि अखेर पुन्हा मुंबई, असा हा एका बाईचा जवळजवळ चाळीस वर्षांचा, कामासाठी केलेला प्रवास आहे. लग्नातून सुटलेल्या बाईचा एकटीने केलेला प्रवास म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला मराठी समाजात दिसत नाही.

आणि तरीही हा प्रवास मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात नाही. नसण्याचे साधे कारण असे की रखमाबाईंनी प्रवासवर्णनाचे पुस्तक मागे ठेवले नाही. पण त्या लिहू शकत नव्हत्या असे मुळीच नाही. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली आणि त्यांनी खळबळ उडवली. लंडनहून १८९० साली त्यांनी बालविवाहाविरुद्ध इंग्रजीत लेख लिहिला. म्हणजे लेखणी होती, विषय होता, वाचकही होते. नव्हते ते एवढेच: आज मी अमुक पाहिले, तमुक खाल्ले, मला बरे वाटले, असे लिहिण्याची मुभा. जिच्या खासगी आयुष्याची चार वर्षे न्यायालयात आणि वृत्तपत्रांत चिरफाड झाली, तिच्या हातून आनंदाचे एक वाक्य गेले असते तरी तो तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. हे माझे अनुमान आहे, परंतु त्या काळची वृत्तपत्रे पाहिली तर ते ओढून ताणून केलेले वाटणार नाही. बाईला प्रवास करायला परवानगी मिळवता येते. प्रवासात मजा आली असे म्हणण्याची परवानगी त्याहून उशिरा मिळते.

याच १८८९ सालात दुसऱ्या दोन घटना घडल्या. पंडिता रमाबाई अमेरिकेहून परतल्या आणि ११ मार्चला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. आणि त्याच वर्षी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक बाहेर पडले. रमाबाई विधवा होत्या. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६ मध्ये अमेरिकेला. अमेरिकेतली त्यांची जवळजवळ तीन वर्षे म्हणजे अखंड काम होते: व्याख्याने, बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास, मराठी पाठ्यपुस्तकांची तयारी, आणि १८८७ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या विक्रीतून विधवांच्या शाळेसाठी उभा केलेला निधी. गावोगाव फिरायचे, सभेत बोलायचे, रात्री लिहायचे, पुन्हा गाडी पकडायची. दूरवर राहून आपल्या देशातले काम करणे हा प्रकार विजेच्या तारांपलीकडच्या यंत्रांनी जन्माला घातला असे समजणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

पण रमाबाईंच्या पुस्तकाचे नावच पाहा. ‘लोकस्थिती’ आधी, ‘प्रवासवृत्त’ नंतर. राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म, स्त्रियांची स्थिती अशी त्याची मांडणी. ‘मी’ आहे, पण ती शिक्षिकेच्या भूमिकेत आहे. एकट्या बाईने आपला प्रवास सार्थ ठरवायचा तर तो लोकशिक्षणाच्या खाती मांडावा लागे. या पुस्तकाचे मोल मी कमी करत नाही. उलट माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण ललितपणा, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निसर्गाचे चित्रण, विनोद ही लक्षणे आधी सांगतो, आणि रमाबाईंचे पुस्तक या लक्षणांत बसत नाही म्हणून ते समाजसुधारणेच्या कपाटात ठेवतो. लक्षणेच अशी निवडली की एकट्या, कामकरी बाईचा प्रवास बाहेर राहावा, आणि मग बायकांनी प्रवासवर्णने फारशी लिहिली नाहीत असे म्हणावे, हा व्यवहार सरळ नाही.

कारण पुरुषांच्या बाबतीत काम हे प्रवासवर्णनाला कधीच आडवे आलेले नाही. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला. पोटासाठी केलेल्या त्या प्रवासाचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आज आपल्या गद्याचा मानबिंदू आहे. पु. ल. देशपांडे इंग्लंडला गेले ते दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घ्यायला, म्हणजे नोकरीच्याच कामाने, आणि त्यातून ‘अपूर्वाई’ आली. भटजींची दक्षिणा आणि पुलंचे प्रशिक्षण आपण प्रवासाचे निमित्त मानतो, त्यामुळे प्रवासाची रंगत उणावते असे म्हणत नाही. बाईचे मात्र कामच खरे मानायचे, की प्रवासच खरा मानायचा, असा पेच आपण उगीच घालतो.

येथे कोणी म्हणेल की मीना प्रभूंचे काय? ‘माझं लंडन’पासून पुढे त्यांनी जगाचे कितीतरी खंड मराठीत आणले, आणि त्यांतले अनेक प्रवास त्यांनी एकटीने केले. २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा मराठी वाचक हळहळले ते योग्यच होते. त्यांनी बाईच्या प्रवासातल्या मजेला प्रतिष्ठा दिली, हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या एकटेपणाविषयी वाचकाला धास्ती वाटत नाही, कारण मागे घर आहे, ते वाट पाहते आहे, याची त्याला खात्री असते. मुंबईतल्या सहल कंपन्यांच्या केवळ महिलांसाठी निघणाऱ्या सहलींनाही हेच लागू आहे. आठ दिवस संसारातून सुट्टी घेतलेली बाई आपल्याला आवडते. जिला सुट्टी घ्यायला संसारच नाही, तिच्यापाशी आपण घुटमळतो. गौरी देशपांडे यांच्या कथा-कादंबऱ्यांनी हे घुटमळणे पुष्कळ आधी ओळखले होते. ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’मधली जपानमधली नायिका किंवा त्यांच्या इतर नायिका परक्या देशांत, लग्नाच्या आत, कडेला आणि बाहेर वावरतात. पण ते ललित लेखन होते, आणि कल्पित बाईला आपण जे माफ करतो ते शेजारच्या खोलीतल्या बाईला करत नाही.

भाषेची साक्ष पुन्हा काढू. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला पुरुष एकटा राहत असे. एकेका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे, जेवण खाणावळीत. या एकट्या पुरुषाला भाषेने मान दिला, त्याला ‘चाकरमानी’ म्हटले. गणपतीला तो गावी जातो तेव्हा त्याची वाट पाहिली जाते. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप रूढ झाले नाही. आणि त्या चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या, घरातच राहून कमावणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना ‘कामगार’ म्हणून ओळख मिळायला १९७५ साल आणि प्रेमा पुरव यांची अन्नपूर्णा महिला मंडळाची बांधणी लागली. म्हणजे घरातून केलेले बाईचे काम काम वाटत नाही, आणि घराबाहेर, परगावातून केलेलेही वाटत नाही. ‘एकटा’ या शब्दाला मराठीत पराक्रमाचा अर्थ येऊ शकतो. ‘एकटी’ला आपण लगेच ‘बिचारी’ जोडतो, नाहीतर त्याहून वाईट काही. ‘टाकलेली’ या शब्दात तर कर्ता दुसराच आहे. बाई कर्म आहे. ‘काडीमोड’ हा अनेक जातींतला जुना शब्द मला त्या मानाने बरा वाटतो. काडी मोडली की दोन तुकडे होतात. कोणी कोणाला टाकलेले नसते.

कायद्याकडेही एक नजर टाकली पाहिजे, कारण या प्रवासाची रेल्वे-पट्टी तीच आहे. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या नव्वदीत, रखमाबाई वारल्या. घटस्फोटाचा देशव्यापी हक्क आणि त्याची ज्यांनी किंमत आधीच मोजली त्या बाईचा मृत्यू यांत अवघे चार महिने आहेत. आणि याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद, म्हणजे रखमाबाईंविरुद्ध वापरलेले तेच हत्यार, शिल्लक राहिले. कैदेची धमकी आता त्यात नाही, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेची जप्ती होऊ शकते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा घटस्फोट आला, त्यातली सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय माफ करू शकते असे २०१७ मध्ये ठरले. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात तारखांवर तारखा घेणाऱ्या बाईला या प्रत्येक साला-महिन्याचा अर्थ अंगावर माहीत असतो.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला: हा प्रवास मूठभर बायकांचा आहे. ज्यांच्या हाती इंग्रजी, पदवी आणि लॅपटॉप आहे, त्यांनाच हे शक्य. लालबागच्या चाळीतली धुणीभांडी करणारी बाई नवऱ्याने सोडल्यावर धारवाडला जाऊन धुणीभांडी ‘ऑनलाइन’ करू शकत नाही. हे खरे आहे. रखमाबाई आणि रमाबाईही मूठभरांतल्याच होत्या. परंतु मूठभरांचा अनुभव नोंदला गेला म्हणून इतरांचा पुसला जात नाही. तो पुसला जातो ‘काम’ हा शब्दच गाळल्यामुळे. प्रवासी बाईचे काम पाहायला शिकलेला वाचक धुणीभांडीवालीचा परळ ते विरार हा रोजचा प्रवासही प्रवास म्हणून वाचू शकेल.

दुसरा आक्षेप असा की या स्वातंत्र्यात फसवेपणा आहे. कचेरी सोबत नेणारी बाई कचेरीतून सुटत नाही. समुद्र खिडकीत आणि वरिष्ठ पडद्यावर. शिवाय मुंबईत एकट्या बाईला भाड्याने घर देताना मालक आणि सोसायट्या जे प्रश्न विचारतात, ते आणि अनामत रकमेचा आकडा पाहता, तिने फिरत राहणे ही कित्येकदा निवड नसून नाइलाज असतो. हाही आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मला या अनुभवाचे लेखन हवे आहे. स्वातंत्र्य आणि बेघरपणा एकाच खोलीत कसे राहतात, हे तीच सांगू शकते. स्वतःचा शोध लागलाच पाहिजे ही अट घातली तर ती हे सांगणार नाही. ती आपल्याला सूर्यास्ताचे वर्णन देईल आणि खोलीचे भाडे लपवेल.

तेव्हा आपण जे मराठीचे अध्यापक आहोत, त्यांच्याकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत ‘माझा प्रवास’च्या शेजारी रमाबाईंचे पुस्तक ठेवावे, आणि ते समाजसुधारकाचे पुस्तक म्हणून न वाचता प्रवाशाचे पुस्तक म्हणून वाचावे: ही बाई कुठे उतरली, खर्च कसा भागवला, कशाने थकली, कशाने हसली. रखमाबाईंचे आयुष्य खटल्यापाशी संपवू नये. त्यांच्यावरचे बहुतेक लेखन १८८८ पाशी थांबते आणि सुरत-राजकोटची वर्षे दोन ओळींत उरकते. मोहिनी वर्दे यांच्या चरित्रग्रंथासारखे अपवाद थोडे. न्यायालयातली रखमाबाई आपल्याला हवी असते कारण तिथे नाट्य आहे. दवाखान्यातली रखमाबाई रोज सकाळी उठून कामाला जाते, आणि त्यात नाट्य नाही. मला वाटते तिथेच तिचा विजय आहे.

आणि आजची एखादी विद्यार्थिनी किंवा सहकारी असे काही लिहून आपल्यापुढे ठेवील तेव्हा, ती का गेली हा प्रश्न निदान शेवटी विचारावा. आधी विचारावे की तिथे पाणी कसे होते, वीज किती वेळ जात असे, घरमालकीण कशी होती, काम वेळेवर पुरे झाले का. गोडसे भटजींना आपण हेच विचारतो, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांवर आपल्या गद्याचा इतिहास उभा आहे.